गाडी महामार्गावर, बाण शेतात: नेव्हिगेशन वारंवार चुकत असेल तर काय तपासायचं आणि नवीन यंत्र कधी घ्यायचं

गाडी डांबरावर नीट चालली आहे, पडद्यावरचा बाण मात्र रस्ता सोडून मोकळ्या रानातून सरकतो आहे आणि दर दोन मिनिटांनी यू-टर्न घ्यायची सूचना येते आहे. ही तक्रार घेऊन लोक गाड्यांच्या अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जातात आणि बहुतेक वेळा नवीन यंत्र घेऊन परततात. शहरात चार दिवस बरं चालतं, पुढच्या लांबच्या प्रवासात पुन्हा तोच प्रकार. बिघाड जुन्या यंत्रात नसून त्यातल्या नकाशात होता आणि नव्या यंत्रातही तसलाच नकाशा आला, एवढंच झालेलं असतं.

नेव्हिगेशनमध्ये तीन कामं एकामागून एक होतात. यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा काढतं. मग ती जागा साठवलेल्या नकाशातल्या जवळच्या रस्त्यावर नेऊन बसवतं. शेवटी त्या नकाशावरून आणि तुम्ही दिलेल्या सेटिंगप्रमाणे मार्ग आखतं. संकेत, नकाशा आणि मार्ग या तिन्हींतल्या चुका चालवणाऱ्याला सारख्याच दिसतात. उपाय मात्र एकाचा दुसऱ्याला लागू पडत नाही. अँटेना बदलून नकाशा सुधारत नाही आणि नकाशा अपडेट करून चुकीचं सेटिंग जात नाही. म्हणून पैसे काढण्याआधी चूक कोणत्या कामात होते ते ठरवायचं.

आधी निदान

गाडी मोकळ्या मैदानात, उंच इमारती आणि झाडांपासून लांब उभी करा. यंत्रात उपग्रहांचं किंवा जीपीएस स्थितीचं पान असतं, ते उघडा आणि तिथले अक्षांश-रेखांश लिहून घ्या. त्याच जागी फोनवर जीपीएस-टेस्टसारखं मोफत अ‍ॅप उघडून तेच आकडे बघा. दशांश पद्धतीत चौथ्या स्थानावरचा एक म्हणजे जमिनीवर साधारण ११ मीटर. चौथ्या स्थानावर एखाददुसऱ्याचा फरक असेल तर संकेत ठीक आहेत. तिसऱ्या स्थानावरच फरक दिसत असेल, म्हणजे शंभर मीटर किंवा त्याहून जास्त, तर गडबड संकेत मिळण्यातच आहे.

आकडे बरोबर आणि बाण तरी रस्त्याबाहेर, म्हणजे तो रस्ता नकाशात नाही किंवा चुकीच्या जागी काढलेला आहे. आकडे बरोबर, बाणही रस्त्यावर, पण सांगितलेला मार्गच विचित्र, म्हणजे सेटिंग किंवा नकाशातल्या रस्त्यांची जोडणी.

आकडे लिहिण्याच्या पद्धतीचा एक सापळा इथेच आहे, कारण त्यावरून बरीच यंत्रं विनाकारण नादुरुस्त ठरवली जातात. पुण्याचा अक्षांश दशांशात १८.५२०४ आहे. अंश, मिनिटं, सेकंद या पद्धतीत तोच १८ अंश ३१ मिनिटं १३ सेकंद होतो. कोणी १८.५२०४ हा आकडा १८ अंश ५२ मिनिटं ०४ सेकंद असा भरला, तर ठिकाण सुमारे ३८ किलोमीटर उत्तरेला सरकतं. रिसॉर्टने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आकडे यंत्रात टाकताना यंत्राची पद्धत कोणती आहे ते आधी सेटिंगमध्ये बघा.

संकेत मिळत नाहीत किंवा उशिरा मिळतात

जागा काढायला किमान चार उपग्रह लागतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या संथ वेगाने पाठवतात. एका उपग्रहाची कामापुरती माहिती यायला ३० सेकंद लागतात आणि ती माहिती काही तासच चालते. म्हणून तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर पडल्या पडल्या डावीकडे की उजवीकडे हे विचारलं तर यंत्राला सांगता येत नाही. बाहेर येऊन आकाश दिसेल अशा जागी अर्धा-एक मिनिट थांबायचं. महिनोन्‌महिने बंद ठेवलेलं यंत्र असेल तर पंधरा मिनिटं मोकळ्यात चालू ठेवा, कारण सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हेच इंटरनेटवरून काही सेकंदांत घेतो. त्यामुळे 'फोनला लगेच मिळतं, यंत्राला नाही' एवढ्यावरून यंत्र खराब ठरत नाही.

नंतर बसवलेल्या अँड्रॉइड स्टिरिओत मात्र खरा दोष बहुधा अँटेनात सापडतो. त्यासोबत काडेपेटीएवढी काळी चौकोनी डबी आणि लांब वायर येते. डबीच्या आत सिरॅमिकची चकती असते आणि तिचं तोंड आकाशाकडे हवं. घाईत बसवणारे ही डबी स्टिरिओच्या मागे, लोखंडी चौकटीत, वायरींच्या गुंत्यात कोंबून देतात. तिथे ती जवळजवळ आंधळी असते. ती बाहेर काढून डॅशबोर्डवर, पुढच्या काचेखाली एका कोपऱ्यात, चुंबकाची बाजू खाली करून आडवी बसवा. खाली तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा ठेवला तर संकेत आणखी सुधारतात. उभी किंवा उलटी चिकटवू नका.

तरीही उपग्रह दिसत नसतील तर स्टिरिओ पुढे ओढून मागची जोडणी बघा. जीपीएस, वाय-फाय आणि फोर-जीच्या अँटेनांची स्क्रूची तोंडं काही मॉडेलांत एकसारखीच असतात आणि अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. तोंडाजवळचं छापील नाव वाचून वायर लावा. मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून जीपीएसच्या सॉकेटमधली मधली पिन आणि बाहेरची कडी यांच्यातला दाब मोजा. स्टिरिओ चालू असताना तिथे साधारण ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत, कारण डबीतल्या अँप्लिफायरला वीज त्याच वायरीतून जाते. दाब आहे आणि उपग्रह नाहीत, तर अँटेना किंवा तिची वायर गेली. ती स्वतंत्र मिळते, स्टिरिओ बदलायची गरज नाही. दाबच नाही, तर स्टिरिओ दुरुस्तीला. मोजताना पिन आणि कडी एकमेकांना टेकू देऊ नका.

काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा सूक्ष्म थर असतो. त्यातून जीपीएसचे संकेत फार क्षीण होऊन आत येतात. अशा काचेवर आरशाजवळ ठिपक्यांचा एक पट्टा बिनथराचा सोडलेला असतो. फास्टॅगही तिथेच लावायला सांगतात. होल्डर किंवा अँटेना त्या पट्ट्याजवळ आणा. काचेवर धातूमिश्रित फिल्म असेल तर तीही हाच परिणाम करते.

संकेत कधी येतात, कधी गायब होतात, असं असेल तर संशय डॅशकॅम आणि चार्जरवर घ्या. स्वस्त डॅशकॅम आणि सिगारेट-लायटरमधले हलक्या प्रतीचे चार्जर जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या आसपास विजेचा गोंगाट करतात. तपासायची रीत सोपी आहे. जीपीएस-टेस्टमध्ये प्रत्येक उपग्रहापुढे संकेताच्या ताकदीचा आकडा असतो. ३५ ते ४५ म्हणजे चांगला, २५ च्या खाली म्हणजे निरुपयोगी. आकड्यांवर नजर ठेवून एकेक वस्तू सॉकेटमधून काढा. जी काढल्यावर सगळे आकडे एकदम वर चढले ती दोषी. तिला अँटेनापासून हातभर लांब न्या, वायरीवर फेराइटची गुंडी (असा गोंगाट शोषणारी छोटी नळी) चढवा. त्यानेही भागलं नाही तर ती वस्तू बदला.

जुन्या यंत्राची तारीखच चुकलेली दिसते का? जीपीएसमध्ये आठवड्यांची मोजणी १,०२४ वर संपते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते. असं ६ एप्रिल २०१९ ला झालं. ज्या यंत्रांचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, त्यासाठी सुधारलं नाही, ती साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवतात. काहींत जागा बरोबर येते आणि पोहोचण्याची वेळ चुकते, काही उपग्रह शोधतच राहतात. कंपनीने त्या मॉडेलसाठी फर्मवेअर दिलं असेल तर ते चढवा. नसेल तर त्या यंत्रावर नकाशाचे पैसे घालू नका.

फोन वापरत असाल तर आधी अ‍ॅपला अचूक स्थानाची परवानगी दिली आहे का ते बघा. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून 'अंदाजे स्थान' हा वेगळा पर्याय आला आहे आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा चुकून तो निवडला गेला असेल तर बाण कित्येकशे मीटर भटकतो. बॅटरी सेव्हर बंद ठेवा. आणि उन्हाळ्यात नागपूर, चंद्रपूर, जळगावकडे जाताना फोन काचेला चिकटवू नका. अ‍ॅपलच आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश तापमान सांगतं. मे महिन्यातल्या डॅशबोर्डवर त्याहून किती तरी जास्त होतं. फोन आधी पडदा मंद करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी तापल्याचा इशारा देऊन बंद होतो. एसीच्या झरोक्यावर बसणारा होल्डर हा त्यावरचा साधा इलाज.

बोगद्यात संकेत जाणारच. प्रश्न इतकाच, की तेवढा वेळ यंत्र काय करतं. कारखान्यातून बसवलेलं नेव्हिगेशन चाकांच्या वेगावरून अंदाज घेत बाण पुढे नेतं, म्हणून ते इथे सरस ठरतं. साधी यंत्रं शेवटच्या वेगाने बाण ढकलत राहतात किंवा थांबवून ठेवतात. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीजवळचा बोगदा सुमारे पावणेआठ किलोमीटरचा आहे. ताशी १०० च्या वेगानेही साडेचार मिनिटांहून जास्त वेळ आकाश दिसत नाही. बोगदा संपल्यावर लगेच बाहेर पडायचं असेल तर पुढच्या फाट्याचं नाव आत शिरायच्या आधीच बघून ठेवा.

उड्डाणपुलाची तक्रार वेगळी. नागपूरच्या वर्धा रोडवर खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. यंत्राची उंचीची मोजणी इतकी ढोबळ असते, की आपण पुलावर आहोत की खाली हे त्याला पक्कं कळत नाही. कात्रज–देहूरोड बाह्यवळणावर मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांतही हाच घोळ होतो. हा दोष दुरुस्त होत नाही. अशा ठिकाणी पाटी वाचूनच जायचं.

नकाशाचं वय कसं काढायचं

खोक्यावर 'संपूर्ण भारताचा नकाशा' लिहिलेलं असतं. तो कधीचा, हे लिहिलेलं नसतं. यंत्राच्या माहितीच्या पानावर नकाशाची आवृत्ती आणि माहिती पुरवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. यंत्राची कंपनी आणि नकाशाची कंपनी बरेचदा वेगळी असते, आणि तुम्ही खरेदी करता ते खरं तर दुसरीचं काम. पण आवृत्तीवरचं वर्ष ती बाजारात आल्याचं असतं, मोजणी त्याआधीची असते. म्हणून ज्या रस्त्यांच्या उद्घाटनाच्या तारखा पक्क्या माहीत आहेत, ते नकाशात शोधायचे. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही फूटपट्टी पुरते:

पणजीचा मांडवीवरचा अटल सेतू: जानेवारी २०१९.
समृद्धी, नागपूर ते शिर्डी: ११ डिसेंबर २०२२.
मोपाचा मनोहर विमानतळ: उद्घाटन डिसेंबर २०२२, विमानं जानेवारी २०२३ पासून.
समृद्धी, शिर्डी ते भरवीर: मे २०२३.
पुण्याच्या चांदणी चौकातली नवी रचना: ऑगस्ट २०२३.
शिवडी–न्हावाशेवा अटल सेतू: १२ जानेवारी २०२४.
मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याचा पहिला टप्पा आणि समृद्धी भरवीर ते इगतपुरी: मार्च २०२४.
समृद्धी, इगतपुरी ते आमणे: ५ जून २०२५.

नुसता रस्ता दिसला म्हणून समाधान मानू नका. काही नकाशांत बांधकाम चालू असतानाच रेघ काढून ठेवलेली असते, तिच्यावरून मार्ग मात्र निघत नाही. आमणे ते नागपूर असा मार्ग काढून बघा. ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग घेतला तर नकाशा जून २०२५ नंतरचा. इगतपुरीला खाली उतरवून कसाऱ्याकडे पाठवत असेल तर त्याआधीचा. शिर्डीपर्यंतच ओळखत असेल तर आणखी जुना. असा नकाशा असलेलं यंत्र दुकानदार 'अपडेट नंतर करून घ्या' म्हणून देत असेल, तर ते अपडेट आत्ता, त्याच्यासमोर होतं का ते बघा.

महामार्गांच्या क्रमांकांवरूनही वय ओळखता येतं. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले गेले. मुंबई–गोवा १७ चा ६६ झाला, पुणे–सातारा–कोल्हापूर ४ चा ४८, पुणे–सोलापूर ९ चा ६५, पुणे–नाशिक ५० चा ६०. यंत्र अजून '१७ वर डावीकडे वळा' म्हणत असेल आणि पाटीवर ६६ असेल, तर गोंधळ तुमचा नाही.

गावांच्या नावांत सगळ्यात जास्त वेळ जातो. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं २०२३ मध्ये आली, अहिल्यानगर २०२४ मध्ये. जुन्या नकाशात ती शोधून मिळणार नाहीत, जुनी नावं टाका. नव्या नकाशात काही ठिकाणी शहराचं नाव बदललेलं असतं आणि जिल्ह्याचं किंवा रेल्वे स्टेशनचं जुनंच राहिलेलं असतं. रोमन लिपीत शोधायचं असेल तर वडगावची सुरुवात 'व्ही'ने आणि 'डब्ल्यू'ने अशी दोन्ही करून बघा. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द पूर्ण लिहून सापडले नाहीत तर 'बीके' आणि 'केएच' ही लघुरूपं टाका, कारण सरकारी याद्यांत ती तशीच असतात. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव ही नावं तर जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. यादीतलं पहिलं नाव दाबायच्या आधी तालुका वाचा आणि एकूण अंतर डोळ्यांखालून घाला. आता 'अटल सेतू' टाकलं तरी पणजी की मुंबई हे बघावं लागतं.

लग्न, वास्तुशांत, शेतघर अशा जागांसाठी नावापेक्षा अक्षांश-रेखांश कधीही भरवशाचे. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षरी कोड देतो. तो तुमच्या यंत्राला समजत नसेल तर फोनवर त्याचे अक्षांश-रेखांश करून घ्या.

विकत घेण्याआधी नकाशाची व्याप्ती तपासा

मुंबई–पुणे मार्ग काढून दाखवणं ही परीक्षाच नव्हे. तो कुठलाही नकाशा काढतो. तुमच्या नेहमीच्या जाण्यायेण्यातली आठ-दहा अवघड ठिकाणं कागदावर लिहून दुकानात न्या. ऑनलाइन घेत असाल तर नकाशा कोणाचा आहे ते शोधा आणि त्या कंपनीचा नकाशा तिच्या वेबसाइटवर किंवा मोफत अ‍ॅपवर उघडून तीच ठिकाणं बघा. यादीत काय असावं? घराच्या गल्लीचं तोंड. गावाकडच्या वाडीपर्यंतचा शेवटचा डांबरी तुकडा. जवळची एक एकेरी वाहतुकीची गल्ली, आणि यंत्र तिच्यात उलट्या बाजूने घालतं का. एक घाट. एक नवा पूल. दोन राज्यांच्या हद्दीवरचा रस्ता, उदाहरणार्थ चोर्ला घाटातून बेळगावहून गोव्यात उतरणारा किंवा बांद्याहून पत्रादेवीकडे जाणारा.

आणि दुभाजक. चौपदरी रस्त्यावर तुमचं घर उजव्या हाताला असेल तर दुभाजकातली फट कुठे आहे हे नकाशाला माहीत असावं लागतं. माहीत नसेल तर यंत्र घरासमोर 'उजवीकडे वळा' म्हणेल, तिथे तीन फुटी सिमेंटची भिंत असेल आणि खरी फट दोन किलोमीटर पुढे. हे तपासायला घरापासून पलीकडच्या बाजूच्या दुकानापर्यंत मार्ग काढा. समोरासमोरचं अंतर दाखवलं तर नकाशात दुभाजक नाही. नकाशा किती कसून केलेला आहे हे या एका चाचणीतून जितकं कळतं तितकं खोक्यावरच्या माहितीतून कळत नाही.

जोडणीचीही चाचणी हवी. काही रस्ते नकाशात काढलेले असतात, पण एखाद्या ओढ्यावर किंवा तालुक्याच्या हद्दीवर दोन तुकड्यांत बारीक खंड राहिलेला असतो. डोळ्यांना रेघ सलग दिसते, यंत्राला तिथे रस्ता संपतो. संशयित जागेच्या दोन्ही बाजूंना एकेक बिंदू ठेवून मार्ग काढा. पाचशे मीटरसाठी वीस किलोमीटरचा वळसा दाखवला तर दोष सापडला.

मार्गच वेडावाकडा सांगतो

इथे निम्म्याहून अधिक वेळा सेटिंग निघतं. पहिलं बघायचं ते वाहन. फोनवर आधी कधी दुचाकीचा पर्याय निवडलेला असेल तर गाडीलाही बोळांतून नेतो आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, मुंबईचा अटल सेतू हे सगळे टाळतो, कारण तिथे दुचाकींना बंदी आहे. दुसरं, टोल टाळण्याचा पर्याय एकदा चालू केला की तसाच राहतो. तिसरं, 'सर्वांत जवळचा' आणि 'सर्वांत जलद' यांत नेहमी जलद निवडा. जवळचा मार्ग निवडला की दोन किलोमीटर वाचवायला यंत्र सह्याद्रीतल्या अरुंद घाटात घालतं. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय असेल तर तो चालू ठेवा.

कोकणात आणि गोव्यात फेरीबोटीचा पर्याय समजून वापरा. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडले, आगरदांडा–दिघी या जलमार्गांवर गाडी नेणारी बोट चालते आणि यंत्र ती रस्त्यासारखीच धरतं. बोटीची शेवटची फेरी कधीची, हे त्याला माहीत नसतं. रात्री गुहागरहून दापोलीकडे निघालात आणि हा पर्याय चालू राहिला, तर धोपाव्याच्या धक्क्यावर पोहोचून तेवढंच मागे यावं लागेल. दिवसा चालू, रात्री बंद, हा नियम ठेवा. रायबंदर–चोडणलाही तेच लागू.

पावसाळ्यात नकाशावर विसंबू नका. वरंधा घाट दरडींमुळे पावसात अनेकदा बंद असतो. अशी बंदी ऑफलाइन यंत्राला कळतच नाही, आणि ऑनलाइन अ‍ॅपमध्येही ती कोणी नोंदवली तरच दिसते. बुडणारे पूल त्याहून घातक. अकोले तालुक्यात कोतूळजवळ जानेवारी २०२१ मध्ये धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर रात्री एक गाडी गेली आणि चालवणारा बुडाला. पाऊस नव्हता, धरणाच्या फुगवट्यामुळे तो पूल वर्षातले काही महिने पाण्याखालीच असतो. अनोळखी कमी उंचीचा पूल, त्यातून रात्र आणि पुढे टायरच्या खुणा नाहीत, असं दिसलं तर थांबा, उतरून बघा, मागे फिरा.

मोबाइलची रेंज नसलेल्या भागात, म्हणजे मेळघाट, भामरागड, घाटमाथ्यावरचे बरेच पट्टे, चालू असलेला मार्ग टिकतो. वळण चुकलं की अ‍ॅपला नवा काढता येत नाही. निघण्याआधी वाय-फायवर तो भाग डाउनलोड करून ठेवा. गुगल मॅप्समध्ये डाउनलोड केलेल्या भागाला मुदत असते. ती संपली की नकाशा पुसला जातो, म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी तारीख बघा. ऑफलाइन असताना वाहतुकीची कोंडी दिसणार नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर चालणारी ऑस्मअँड आणि ऑरगॅनिक मॅप्स ही अ‍ॅप्स पूर्ण ऑफलाइन चालतात. दुर्गम भागात मुख्य अ‍ॅपच्या जोडीला यांतलं एक फोनवर असावंच.

मग नवीन काय घ्यावं

बहुतेक गाडीवाल्यांना चांगला होल्डर, चांगला चार्जर आणि फोन पुरतो. स्टिरिओत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर तो आणखी सोयीचा, कारण नकाशा फोनचा आणि त्यामुळे ताजा. बिनवायरीची जोडणी मधेच तुटत असेल तर चांगली डेटा केबल लावून बघा. नुसत्या चार्जिंगच्या केबलवर हे चालत नाही. सतत रेंजबाहेर फिरणाऱ्यांनी आणि फोन इतर कामाला लागणाऱ्यांनीच वेगळं यंत्र घ्यावं. ते घेताना अपडेट किती वर्षं फुकट, नकाशा कोणाचा आणि आतली मेमरी किती, हे बिलाआधी विचारा. 'लाइफटाइम' म्हणजे तुमचं आयुष्य नव्हे. कंपनी त्या मॉडेलला नकाशा देत राहील तोवर. ट्रक किंवा मोठी बस असेल तर उंची आणि वजन भरता येईल असंच नेव्हिगेशन हवं. साध्या अ‍ॅपला कमी उंचीचा रेल्वेपूल अडथळा वाटत नाही.

नाविकचा शिक्का बघून भाळू नका. इस्रोची ही जीपीएससारखी उपग्रह प्रणाली भारत आणि सभोवतालच्या सुमारे १,५०० किलोमीटरच्या टापूसाठी आहे, आणि जास्त उपग्रह मिळाले तर उंच इमारतींमध्ये जागा अधिक नेमकी निघते. नकाशात नसलेला रस्ता त्याने येत नाही.

अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या नातेवाइकांनी आणलेलं यंत्र सर्रास फसवं ठरतं. त्यात उत्तर अमेरिकेचा किंवा युरोपचाच नकाशा असतो. इथे उपग्रह दिसतात, अक्षांश-रेखांश बरोबर येतात, पडदा मात्र रिकामा. त्या मॉडेलला भारताचा नकाशा वेगळा विकत मिळतो का आणि तो मावेल एवढी जागा आहे का, हे विचारूनच मागवा. आणखी एक कळकळीची सूचना: उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा सॅटेलाइट फोन भारतात परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. गोव्याच्या विमानतळावर डिसेंबर २०२४ मध्ये अशा यंत्रामुळे प्रवाशाला ताब्यात घेतलं गेलं. नुसते संकेत घेणाऱ्या जीपीएसला अशी अडचण नाही. पाठवणारं आहे का, ते तिकडूनच बघून घ्यायला सांगा.

अपडेट अर्धवट राहतं, तेव्हा

यंत्र कॉम्प्युटरला जोडलं आणि ओळखलंच गेलं नाही, तर आधी केबल बदला. सॉकेट थेट मशिनवरचं वापरा, हबवरचं नको. नकाशाला कित्येक गिगाबाइट जागा लागते; जुन्या यंत्रात ती नसते, म्हणून मायक्रो एसडी कार्ड घालावं लागतं. जुनी यंत्रं ३२ जीबीपर्यंतचं आणि फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं कार्डच वाचतात. ६४ जीबीचं नवं कार्ड एक्सफॅटमध्ये येतं आणि 'कार्ड नाही' असा संदेश येतो. अपडेट सुरू करण्यापूर्वी जतन केलेल्या ठिकाणांची प्रत काढून घ्या. लिहिणं चालू असताना केबल ओढली तर नकाशाची फाइल बिघडते आणि यंत्र सुरू होताना लोगोवर अडकतं. अशा वेळी कंपनीच्या सॉफ्टवेअरने पुन्हा पूर्ण नकाशा चढवावा लागतो.

कारखान्यातून आलेल्या नेव्हिगेशनचं कार्ड बहुधा त्या एका गाडीशी बांधलेलं असतं. मित्राच्या गाडीतल्या कार्डाची नक्कल चालत नाही, आणि असलं 'अपडेटेड कार्ड' विकणाऱ्याकडून घेतलं तर सिस्टीम लॉक होण्याचा धोका असतो. त्यासाठी सर्व्हिस सेंटर किंवा कंपनीची अधिकृत साइटच.

अपडेटनंतरही तुमचा रस्ता चुकीचाच असेल तर तो कळवा. 'रस्ता चुकीचा आहे' एवढं लिहून काही होत नाही. जागेचे अक्षांश-रेखांश, कोणत्या दिशेने जाताना चूक झाली, प्रत्यक्षात काय आहे आणि पाटीचा किंवा दुभाजकाचा फोटो, एवढं द्या. ओपनस्ट्रीटमॅपवर ही दुरुस्ती तुम्ही स्वतः करू शकता. ऑस्मअँडचे नकाशे साधारण महिन्याला नवे होतात, तेव्हा पुढचा नकाशा उतरवल्यावर तीच दुभाजकाची चाचणी पुन्हा करून बघा.